साडेतीन सेकंद

बाबा कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट.
म्हणजे प्रोफेसर जी लाट शिकवणार
ती आदल्या संध्याकाळी फडक्यानं पुसून ठेवायची.
ट्यूनिंग फोर्क, भिंगं, पाण्याची लांब नळी
आणि एक स्टॉपवॉच,
जे रजिस्टरात सही केल्याशिवाय कपाटाबाहेर येत नसे.

त्या जानेवारीत ते सही न करता बाहेर आलं.

धुकं नव्हतं. मेळ्यातून आणलेला लाल फुगा
दोन दिवस खुंटीला लटकत होता.
बाबा स्कूटरवरून उरवाही दरवाज्यानं किल्ल्यावर गेले.
चौकीदार हरविलासला अर्धा किलो गजक,
आणि कोटाच्या खिशात दिवाळीचे उरलेले सहा सुतळी बॉम्ब.
नकाशावर दोरा ठेवून त्यांनी मोजलं होतं:
बुरूज ते लष्करातली आमची गच्ची, बाराशे मीटर.

मी टॉर्च हलवला. तयार.

लखकन उजेड. बटण.
मग काहीच नाही.
काहीच नाही एवढं लांब असतं, हे मला तेव्हा कळलं.
खाली कुणीतरी पापड भाजत होतं,
आणि तो आवाज कुठंतरी पत्र्यांवरून, तारांवरून
येत होता, ही हवा त्या हवेला कोपर मारत.
मेळ्यात तिकिटाच्या रांगेत मागून रेटा येतो,
माणसं जागची हलत नाहीत
आणि रेटा मात्र खिडकीपर्यंत पोचतो, तसा.

धडाम. बटण.
तीन पूर्णांक एक.
पुढचा, तीन पूर्णांक नऊ.
तिसऱ्याला मी दचकून दोनदा दाबलं.

तेव्हा आईनं हात पुढे केला.

आईला ऐकू येत नसे. सातव्या वर्षी गोवर झाला तेव्हापासून.
आमच्या घरात बोलणं उजेडातून जायचं,
बोटांनी, ओठांनी, भुवयांनी.
लाइट गेली की वाक्य अर्धंच राहायचं,
मग बाबा तिच्या तळहातावर बोटानं लिहायचे:
का डे पे टी.

तिनं फुगा खुंटीवरून काढला,
हनुवटीखाली, छातीशी धरला,
उजव्या हातात घड्याळ.
मी टॉर्च हलवला
आणि किल्ल्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले.
फुगा थरथरला का, ते मला दिसलं नाही.
अंगठा दिसला.
तीन पूर्णांक सहा.
तीन पूर्णांक पाच.
तीन पूर्णांक सहा.

बाबा आले तेव्हा मफलर दवानं ओला.
गजकच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी भागाकार मांडला,
माझ्या आकड्यांवर काट मारली.
सेकंदाला तीनशे छत्तीस मीटर.
थंडीत हवा आळसावते, म्हणाले, आवाज जरा रेंगाळतो,
मेमध्ये पुन्हा करू, तेव्हा लवकर येईल.
मी विचारलं, माझं का चुकलं?
तू वाट बघत होतीस, म्हणाले.

मग आईसाठी बोटांनी सांगत बसले.
उजेडाला कुणाचा खांदा लागत नाही, तो रिकाम्यातूनही येतो.
आवाजाला शेजार लागतो.
सूर्यावर केवढा गोंगाट चाललाय,
मधे हवा नाही म्हणून आपण झोपतो.

आईचं सूर्याकडे लक्ष नव्हतं.
तिनं फुग्यावर बोट टेकवलं,
मग माझ्या कानाला लावलं,
मग दोन्ही बोटं शेजारी शेजारी उभी करून
भुवया वर केल्या.

बाबांनी मान हलवली.
एकदम, त्यांनी दाखवलं. एकाच क्षणी. दोघींना.

तिनं ते परत दाखवायला लावलं.

सोमवारी स्टॉपवॉच कपाटात गेलं.
मेमध्ये काही झालं नाही, बॉम्ब संपले होते.
फुगा सुरकुतून आवळ्याएवढा झाला
तरी होळीपर्यंत खुंटीवर होता.
येताजाता ती त्याला बोट लावायची,
आणि बाबा समोर बसलेले असले
तर मुद्दाम मोठ्यानं शिंकायचे.